महाविद्यालयाच्या बँडपथकात मुले टिकतात ती कशाच्या बळावर?

प्रश्न — चिमूरकडचा प्राध्यापक

नमस्कार. चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरच्या आसपासच्या एका ग्रामीण महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. शारीरिक शिक्षणाचे आमचे सहकारी निवृत्त झाले, त्यांची जागा अद्याप भरलेली नाही, आणि बँडपथकाची जबाबदारी वाद्यांच्या कपाटाच्या किल्लीसह माझ्याकडे आली. संगीताशी माझा संबंध गावच्या भजनात खंजिरी ऐकण्यापुरताच असल्यामुळे येथील जाणकारांना काही गोष्टी विचाराव्यात असे वाटले.

आमच्या भागात ऑगस्ट महिन्यात बँडला लागोपाठ दोन दिवस काम असते. १५ तारखेला ध्वजवंदन, आणि दुसऱ्या दिवशी १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर क्रांतीतील हुतात्म्यांना अभिवादन करणारी फेरी. तोवर पथक भरलेले असते. नव्याने प्रवेश घेतलेली मुले हौसेने नाव नोंदवतात, गणवेशाची मापे देतात आणि कदमताल शिकताना एकमेकांच्या टाचा तुडवत हसतात. पुढे सोयाबीनची सोंगणी लागली की ओळी विरळ होतात, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की निम्म्या वाद्यांना वाजवणारे उरत नाहीत. यात मुलांचा दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. वेचणीचे पैसे किलोच्या हिशेबाने मिळतात. आईबरोबर मुलगीही वावरात गेली तर घरात दोन माणसांची मजुरी येते, आणि त्या घराला २६ जानेवारीच्या सलामीचे महत्त्व मी कोणत्या तोंडाने सांगावे?

मला कोडे पडले आहे ते उरणाऱ्यांचे. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सुट्टीच्या दिवशी वेचणीला जाते. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांच्या पेरांत रुतून तिथे ओरखडे उठतात, आणि सोमवारी त्याच बोटांना चिकटपट्टी गुंडाळून ती साइड ड्रमच्या काड्या धरते. तिला यासाठी गुण मिळत नाहीत, मानधन मिळत नाही, आणि आमचे काही सहकारी ‘पोरांना दुसरे काम नाही’ असे तिच्या देखत म्हणतात. तरीही ती येते. अशी सात-आठ मुले आहेत. ती कशामुळे टिकतात हे समजले, तर बाकीच्यांना टिकवण्याचा मार्गही सापडेल असे मला वाटते.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, बँडचा सराव पहाटे करावा असे सगळे सांगतात. परंतु आमची बरीच मुले ताडोब्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांतून येतात. वाघाच्या भीतीने तेथे उजाडल्याशिवाय कोणी फाट्यापर्यंत पायी येत नाही आणि यायलाही नको. संध्याकाळी शेवटची एसटी गेली की मुलांना घरी जाण्याचे साधन राहत नाही. दुसरी अडचण सुरुवातीला बरी वाटणारी लय मैदानाच्या टोकाला पोहोचेपर्यंत धावू लागते, ही आहे. मी कितीही ओरडलो तरी मुले थांबत नाहीत. यावर उपाय काय?

उत्तर १ — निवृत्त बँडवाला, रामटेक तालुका

प्राध्यापक महोदय, मी सैन्यात बँडमध्ये होतो. पचमढीला १९५० पासून सैनिकी संगीताचे शिक्षण दिले जाते, तेथे शिकलो आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातील दोन महाविद्यालयांच्या पथकांना शिकवत आलो. आधी तुमच्या दुसऱ्या अडचणीचे सांगतो, कारण पहिल्या कोड्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

तुमची मुले लय वाढवतात याचे कारण त्यांना लय येत नाही हे नसून ती त्यांना फार चांगली येते, हे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा असलेल्या गावांतून ती आलेली आहेत. खंजिरीवर लय चढवत न्यायची, शेवटी टिपेला पोहोचायचे आणि ऐकणाऱ्याने टाळी धरायची, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेले असते. संदल असो की डफडे, तिथेही रंग भरतो तो लय चढल्यावरच. संचलनाचे वादन याच्या नेमके उलट आहे. तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडली पाहिजेत; पहिल्या मिनिटाला १२० आणि दहाव्या मिनिटालाही १२०. वाजवणाऱ्याला रंग चढू लागला तरी हात चढू द्यायचा नाही, आणि भजनात वाढलेल्या मुलाला हे शिकवणे नवख्या मुलाला शिकवण्यापेक्षा कठीण जाते. म्हणून ओरडू नका. मोबाइलमध्ये ठोके देणारे साधे ॲप उतरवून घ्या, मुलांना वाद्याशिवाय नुसते चालायला लावा आणि तीस सेकंदांत किती पावले पडली ते त्यांचे त्यांनाच मोजू द्या. साठ यायला हवीत. पहिल्या दिवशी सहासष्ट-अडुसष्ट येतील, आणि कोणाचा पाय घाई करतो हे मुलांच्याच लक्षात येईल.

वाद्य हातात देण्याची घाई करू नका. आमच्याकडे नवीन मुलाला आरंभी काड्याच मिळत असत, ड्रम नाही. जुन्या टायरचा तुकडा लाकडी पाटीवर ठोकून त्यावर दोन उजवे, दोन डावे असे ठोके द्यायचे. अगदी सावकाश सुरुवात करून वेग वाढवत रोलपर्यंत, म्हणजे ठोके एकमेकांत मिसळून सलग घुमू लागेपर्यंत, न्यायचे आणि त्याच मार्गाने पुन्हा सावकाश करत उतरायचे. चढणे सगळ्यांना जमते, उतरताना मात्र डावा हात मागे पडतो. साइड ड्रम मुळात पट्ट्याने अडकवून डाव्या मांडीवर तिरका लटकवण्याचे वाद्य असल्याने डाव्या हातातली काडी तळवा वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरण्याची पद्धत पडली. त्या बेचक्यातली कातडी आधी सोलवटते आणि मग तिथे घट्टा पडतो. नवी मुले गळतात ती बहुतेक या सोलवटण्याच्या दिवसांत, आणि आपण मात्र खापर सोंगणीवर फोडतो.

आता कोड्याकडे येतो. राष्ट्रगीत बँडवर वाजवायचे असेल तर त्याआधी ड्रमचा रोल द्यावा, अशी गृह मंत्रालयाची सूचना आहे. उभे राहण्याची वेळ झाली हे श्रोत्यांना त्यावरून कळते. हा रोल धीम्या चालीच्या सात पावलांइतका असतो. तो हळू आवाजात सुरू होतो, शक्य तितका मोठा होतो, पुन्हा पहिल्याइतका हळू होतो, परंतु सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. त्यानंतर एका ठोक्याची शांतता, आणि मग राष्ट्रगीत. सहा साइड ड्रमवर सहा मुलांनी हा रोल एकसारखा वाढवणे आणि एकसारखा उतरवणे हे कोणत्याही चालीपेक्षा अवघड काम आहे. कोणी या रोलसाठी टाळी वाजवत नाही, कारण सगळे सावधान स्थितीत उभे असतात. परंतु तो ज्या दिवशी पहिल्यांदा जमतो त्या दिवशी सहाही मुलांना ते आपोआप कळते, कोणी सांगावे लागत नाही. तुमची ती विद्यार्थिनी कशासाठी येते असे मला विचाराल, तर बहुधा याचसाठी येते. पथकाला असे एक अवघड काम द्या आणि ते पुरे होईपर्यंत नवी चाल शिकवू नका.

उत्तर २ — एकेकाळची साइड ड्रम, आर्वी

काकांनी सांगितलेला रोल आम्हीही वाजवला आहे, आणि तो जमल्यावर काय वाटते याबद्दल त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझे महाविद्यालय वर्धा जिल्ह्यात होते. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलींच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटते, कारण प्रश्नातली मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

आमच्या घरी विरोध ड्रमला नव्हता, रस्त्याला होता. मुलीने मैदानात, भिंतीच्या आत काय वाजवायचे ते वाजवावे. गावातून, बाजारातून, पानठेल्यासमोरून ड्रम अडकवून चालत जाऊ नये, असे आजीचे म्हणणे होते. दिल्लीला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाचे मुलींचे पथक दूरदर्शनवर दिसायचे तेव्हा हीच आजी कौतुकाने पाहायची. त्या मुली परक्या गावच्या होत्या, त्यामुळे आजीला अडचण नव्हती. आमच्या प्रशिक्षकांनी यावर एकच केले. फेरीच्या आधी ते प्रत्येक मुलीच्या घरी गेले, चहा घेतला, फेरीचा मार्ग कागदावर काढून दाखवला, परतण्याची वेळ सांगितली आणि घरातल्या एका माणसाला बरोबर चालायला बोलावले. आजीने माझ्या मोठ्या भावाला पाठवले. पुढच्या वर्षी कोणाला पाठवण्याची गरज पडली नाही.

आम्ही टिकलो ते जागेमुळे, असे मला वाटते. तिसऱ्या ओळीतली उजवीकडची जागा माझी होती. मी गेले नाही तर ती जागा रिकामी ठेवून सराव होत असे. दुसऱ्या कोणाला तिथे सरकवत नसत. त्यामुळे बाहेरच्या माणसालाही कोण आले नाही हे दिसायचे, आणि आपल्यावाचून ओळीला भोक पडते हे आम्हालाही दिसायचे. वर्गात साठ-सत्तर जणांत माझी गैरहजेरी कोणाच्या लक्षात येत नसे. ज्या मुलीची आयुष्यभर कोणी वाट पाहिलेली नसते, तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

एक तक्रारही नोंदवते. ‘समर्पण’, ‘त्याग’ या शब्दांची भाषणे आमच्यापुढे भरपूर झाली, परंतु ड्रमखाली मांडीला बांधायची गादी कोणी घेऊन दिली नाही. डाव्या गुडघ्याच्या वर काळानिळा डाग कायम असायचा. शेवटी आम्हीच जुन्या चादरीच्या घड्या शिवून घेतल्या. मुले सोसतात म्हणून त्यांना सोसू द्यावे, हे मला पटत नाही. सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीला चिकटपट्टी महाविद्यालयाच्या खर्चातून मिळते का, एवढे पाहा.

उत्तर ३ — पितळी वाद्ये, दारव्हा परिसर

ताईंनी विषय काढलाच आहे तर मी जरा स्पष्ट लिहितो. कोणी राग मानू नये.

आमच्या घरात लग्नाचा बँड आहे. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे, वडील ट्रम्पेट वाजवतात, मी पदवीपर्यंत शिकलो आणि हंगामात युफोनियम वाजवतो. तुळशीचे लग्न लागले की आमचे काम सुरू होते आणि मृगापर्यंत चालते. आमच्या भागातील महाविद्यालयांत पथकाला सूर शिकवायला कोणी नसले की वडिलांना निरोप येतो. २६ जानेवारीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याही लग्नतिथींचे दिवस असतात. वडील तारीख सोडून जातात, मुलांच्या फुंकी सुधारतात, अडकलेले व्हॉल्व्ह मोकळे करतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना मंडपाच्या मागे उभे केले जाते. मानधन विचारले की देशाच्या कार्यक्रमाचे पैसे कसले मागता, असे उत्तर एका ठिकाणी मिळाले. याच कार्यक्रमाच्या मंडपवाल्याचे बिल मात्र अडत नाही. पथकाची निष्ठा मोजायची असेल तर मुलांच्या आधी संस्थेची मोजावी.

दुसरी गोष्ट अशी की, तुमच्या महाविद्यालयात बँडवाल्यांच्या घरची मुले असतीलच. ती पथकात नाव देत नाहीत, कारण नाव दिले की वर्गात चिडवतात. मीही पहिल्या वर्षी दिले नव्हते. एका प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारले, “ट्रम्पेटचा सूर इथे कोण लावून देऊ शकेल?” मी उठलो, लावून दिला, आणि सरांनी त्या दिवसापासून मला वाद्यप्रमुख केले. तुम्हीही असे विचारून पाहा. ज्याला घरी कमीपणा वाटतो ते कौशल्य मैदानावर मानाचे ठरते, हे एकदा कळले की तो मुलगा सोंगणी असो की वेचणी, सरावाला येतो.

वाद्यांविषयी थोडे. पितळी वाद्ये घ्यायची असतील तर मेरठच्या जली कोठी भागात ती बनतात आणि आमच्यासारखे सगळे तिथूनच मागवतात. मात्र नवी घेण्याआधी जुनी दुरुस्त होतात का ते पाहा. ट्रम्पेट वाजवून झाल्यावर नळीत साचलेले पाणी काढायचे, व्हॉल्व्ह बाहेर काढून सुती कापडाने पुसायचे, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि व्हॉल्व्ह ज्या क्रमांकाच्या घरातून काढला त्याच घरात परत बसवायचा. तुमच्या कपाटातला अडकलेला ट्रम्पेट (एखादा तरी असतोच) सहसा यातल्या एखाद्या कारणाने अडकलेला असतो. वरून ठोकू नका. जानेवारीच्या सकाळी पितळ थंड असते तेव्हा सूर उतरलेला लागतो. म्हणून कार्यक्रमाआधी वाद्यात नुसती फुंक मारून ते गरम करायचे आणि मगच सूर मिळवायचे. १ मेला उन्हात तेच वाद्य चढते. मुलांना हे ठाऊक नसले की ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसतात.

प्रश्नकर्ता — चिमूरकडचा प्राध्यापक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अडकलेला ट्रम्पेट खरोखरच आहे, आणि तो वरून ठोकण्याचा विचारही झाला होता! चिकटपट्टीचा खर्च ती स्वतःच करते. ताईंचा प्रश्न मी प्राचार्यांपर्यंत पोहोचवला असून प्रथमोपचार पेटी, मांडीच्या गाद्या आणि वाद्यशिक्षकाचे मानधन यांची मागणी लेखी दिली आहे. मानधन मंजूर झाल्याशिवाय कोणालाही बोलवायचे नाही, असे मी ठरवले आहे.

आणखी दोन शंका आहेत. राज्यगीत २०२३ मध्ये ठरल्यापासून तेही बँडवर वाजवावे अशी गावकऱ्यांची मागणी असते. आमच्याकडे बिगूल चार आहेत आणि ट्रम्पेट तीनच, तर बिगुलांवर चाल बसवता येईल का? तसेच १६ ऑगस्टच्या फेरीत बँड अगदी पुढे असतो आणि मागे शाळांची लांबच लांब रांग असते. पुढच्यांची पावले बरोबर पडतात, परंतु मागची मुले हमखास उलट्या पायावर जातात. गावातले लोक त्याचा दोष शाळेच्या शिक्षकांना देतात.

उत्तर ४ — शारीरिक शिक्षण विभाग, दर्यापूर

सरावाच्या वेळेबद्दल एक सुचवतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, आणि त्यात राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा यांच्याबरोबर सादरीकरणाच्या कलाही येतात. आपल्या विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर बँडला त्यात घ्या. तसे झाले की तासिका वेळापत्रकातच मिळते, पहाटेचा आणि शेवटच्या एसटीचा प्रश्न राहत नाही, आणि ‘दुसरे काम नाही’ म्हणणाऱ्यांनाही गप्प बसावे लागते. वेचणीच्या दिवसांत मात्र हजेरीची सक्ती करू नका. आम्ही केली त्या वर्षी चांगली मुलेही गेली. त्या काळात आठवड्यातून दोनच तास ठेवा, मुलांना काड्या घरी नेऊ द्या आणि पूर्ण पथकाचा सराव डिसेंबरच्या शेवटी धरा.

उत्तर ५ — निवृत्त बँडवाला, रामटेक तालुका

बिगुलाला व्हॉल्व्ह नसतात. फुंकीच्या जोरावर आणि ओठांच्या ताणावर त्यातून मोजकेच सूर निघतात. पूर्ण सप्तक त्यात नाही. त्यामुळे राज्यगीत किंवा राष्ट्रगीत त्यावर बसणार नाही, आणि बसवण्याच्या नादात मुलांचे ओठ सुजतील. बिगूल इशाऱ्यांसाठी आणि हुतात्म्यांच्या मानवंदनेसाठी ठेवा. तीन ट्रम्पेटवर चाल बसेल, परंतु राष्ट्रगीत पूर्ण वाजवायला सुमारे ५२ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात एक जरी सूर घसरला तरी सगळ्या मैदानाला कळते. पक्के होईपर्यंत ड्रमचा रोल तेवढा द्या आणि राष्ट्रगीत सर्वांना गाऊ द्या. राज्यगीताचेही तसेच करा. त्यात कमीपणा नाही.

फेरीत शाळेच्या शिक्षकांचा काही दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि आपले पाऊल अर्ध्या सेकंदाला पडते. म्हणजे बँडपासून १७० मीटर मागे चालणाऱ्या मुलाला बास ड्रमचा ठोका बरोबर एक पाऊल उशिरा ऐकू येतो. बास ड्रम डाव्या पायाचा ठोका देतो. तो मुलगा इमानदारीने त्या ठोक्यावर डावा पाय टाकतो आणि त्याच क्षणी पुढच्यांचा उजवा पाय पडत असतो. ८५ मीटरवरच्याचे तर अर्धे पाऊल हुकते, त्यामुळे त्याला कोणताच पाय धड बसत नाही. रांग लांब असेल तर बँड अगदी पुढे न ठेवता मध्ये ठेवा. तेही अपुरे पडले तर मागच्या भागासाठी एक वेगळा बास ड्रम द्या आणि त्याने पुढचा आवाज न ऐकता ड्रम मेजरच्या, म्हणजे पथकापुढे चालून इशारे देणाऱ्याच्या, दंडाकडे पाहून ठोका द्यावा. तो दंड दिसेल अशा उंचीचा मुलगा निवडा. चिमूरच्या रस्त्यांवर वळणे आहेतच, तेव्हा वळणावर एक स्वयंसेवक हात वर करून तोच ठोका मागे पोहोचवील, अशी व्यवस्था आधी एकदा रिकाम्या रस्त्यावर करून पाहा.

आणि पावसाळ्यात ड्रमला चामड्याची पाने, म्हणजे ज्यांवर काडी पडते ते पडदे, वापरत असाल तर ती ढिली पडतात. फेरीच्या आदल्या संध्याकाळी ताणून ठेवलेली सकाळपर्यंत पुन्हा उतरतात. प्लॅस्टिकची पाने बसवून घ्या, आणि ताणण्याची चावी कपाटात न ठेवता त्या वेचणीला जाणाऱ्या मुलीकडे द्या.